एमई-एमटेकचं पहिलं सेमिस्टर: ग्रेडिंग आणि आचारसंहितेचा कागद कसा वाचायचा

ऐरोलीच्या कंपनीतून सहाला सुटून थेट लॅबमध्ये येणारे, परभणी-लातूरहून पहिल्यांदाच नवी मुंबईत राहायला आलेले आणि ठाण्यातच बीई करून पुन्हा बाकावर बसलेले असे सगळे विद्यार्थी मला कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्युत्तर वर्गात भेटतात. पहिल्या आठवड्यात त्यांचं एक सारखंच होतं. विषयाच्या सरांनी किंवा मॅडमनी दिलेला दोन-तीन पानी पॉलिसीचा कागद व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो, सगळे अंगठा टाकतात आणि तो पुन्हा कुणी उघडत नाही. बारा वर्षं शिकवताना मी ज्यांचे ग्रेड गेलेले पाहिले, त्यांतले बरेच जण हुशार होते. त्यांचे मार्क गेले ते याच कागदातल्या एखाद्या ओळीपायी. म्हणून नव्या बॅचसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पायरी १: प्रिंट काढा, पेन्सिल घ्या

मोबाइलवर वाचू नका. कॉलेजबाहेर झेरॉक्सवाला असतोच, दोन पानांची प्रिंट काढा आणि पहिल्या वाचनात फक्त आकड्यांखाली रेघा मारा.

समजा कागदावर असं आहे: असाइनमेंट ३०, मिडसेम २०, प्रोजेक्ट २०, एंडसेम ३०. खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, 'प्रत्येक घटकात किमान ४० टक्के आवश्यक'. एका मुलाला असाइनमेंटला २७, मिडसेमला १२, प्रोजेक्टला १७ आणि एंडसेमला १० मिळाले. बेरीज ६६. तो निवांत आहे. पण एंडसेमच्या ३० चे ४० टक्के म्हणजे १२, आणि त्याला आहेत १०. विषय राहिला. अशी ओळ काही ठिकाणी सगळ्या घटकांना असते, काही ठिकाणी फक्त एंडसेमला, काही ठिकाणी नुसती बेरीज बघतात. तुमच्या कागदावर ती कुठे आहे ते शोधा. सापडली नाही तर पहिल्याच लेक्चरला विचारा. हा प्रश्न विचारल्यावर कुणी तुम्हाला मार्कांच्या मागे लागलेला समजत नाही.

दुसरी रेघ मारायची ती ग्रेडच्या तक्त्याखाली. यूजीसीच्या दहा गुणांच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ म्हणजे शून्य. पण किती टक्क्यांना कुठलं अक्षर, हे विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज ठरवतं. अक्षरंही सगळीकडे हीच असतील असं नाही. त्यामुळे बीईच्या वेळचा तक्ता डोक्यात ठेवून चालू नका. ग्रेड ठरलेल्या टक्क्यांवर मिळतो की वर्गाच्या तुलनेत, हेही बघा. तुलनेत असेल तर ६८ मार्कांनाही चांगला ग्रेड येऊ शकतो आणि ८० ला मधला.

क्रेडिटचा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. समजा चार विषय आहेत, क्रेडिट ४, ४, ३ आणि १. ग्रेड पॉइंट मिळाले ८, ९, ६ आणि १०. नुसती सरासरी काढली तर ८.२५ येते. एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची ग्रेड पॉइंट सरासरी, तशी निघत नाही. प्रत्येक पॉइंटला त्याच्या क्रेडिटने गुणायचं: ३२, ३६, १८, १०. बेरीज ९६, भागिले एकूण क्रेडिट १२, म्हणजे ८. एका क्रेडिटच्या सेमिनारमध्ये दहा मिळवले म्हणून तीन क्रेडिटच्या विषयातली घसरण भरून निघत नाही. सेमिस्टरच्या शेवटी वेळ कमी पडतो तेव्हा कुठल्या विषयाला जास्त रात्री द्यायच्या, ते या गुणाकारावरून ठरवा.

हजेरी बहुतेक ठिकाणी ७५ टक्के लागते. नोकरी करणाऱ्यांनी हे पहिल्या महिन्यातच मोजायला घ्यावं, डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर नाही. आणि मित्राची प्रॉक्सी लावू नका. पंधरा जणांच्या वर्गात आम्हाला चेहरे पाठ असतात.

पायरी २: उशिराचा नियम समजून घ्या

'उशिरा सबमिशनला दररोज १० टक्के कपात.' वाक्य सोपं दिसतं, पण त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत.

दहा टक्के कशाचे? शंभरपैकी ६० मार्कांचं काम तुम्ही दोन दिवस उशिरा दिलंत. एकूण मार्कांच्या दहा टक्क्यांनी कापलं तर ६० चे ४० उरतात, मिळालेल्या मार्कांच्या दहा टक्क्यांनी कापलं तर ४८. एवढा फरक पडतो.

दिवस म्हणजे काय? चोवीस तास की तारीख? रात्री ११:५९ ची वेळ असेल आणि तुमची फाइल १२:०४ ला चढली, तर काही ठिकाणी अख्खा दिवस मोजतात. 'रविवार रात्री १२' असं लिहिलेलं असेल तर शनिवार संपतानाचे बारा की रविवार संपतानाचे, हे लेखी विचारून घ्या. वेळ पोर्टलच्या सर्व्हरची धरतात, तुमच्या लॅपटॉपची नाही.

सवलतीचे दिवस आहेत का? काही शिक्षक सेमिस्टरभरासाठी तीन-चार दिवस देतात, कारण न सांगता वापरायचे. हे पहिल्या दोन असाइनमेंटमध्ये उडवू नका. नोव्हेंबरात सगळ्या विषयांची सबमिशनं एकाच आठवड्यात येऊन पडतात, तेव्हा ते लागतात.

पावसाचं वेगळं सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये ट्रान्स-हार्बर थांबली, घोडबंदर रोडवर बस अडकली, सोसायटीत वीज गेली, हे दर वर्षी होतं आणि आम्हालाही ते माहीत असतं. तरीही डेडलाइन उलटून गेल्यावर आलेला मेल आणि आधी आलेला मेल यांना आम्ही एकसारखं वागवू शकत नाही, कारण वेळेत दिलेल्या बाकीच्या मुलांवर तो अन्याय होतो. अर्धवट का असेना, जे झालंय ते आधी चढवा, मग मेल करा. मेल एवढाच पुरे:

'मॅडम, नमस्कार. आज रात्रीची असाइनमेंट ३ मी वेळेत पूर्ण करू शकणार नाही. दुपारपासून ताप आहे, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. आतापर्यंतचं काम पोर्टलवर चढवलं आहे, दुसरा भाग बाकी आहे. गुरुवारी रात्रीपर्यंत मुदत मिळू शकेल का?'

विषयात असाइनमेंटचा क्रमांक टाका. कारण खरं लिहा. माफीचे चार परिच्छेद नकोत, आजीचं आजारपण तर मुळीच नको. खरोखर आजी आजारी असेल तर मात्र संकोच न करता सांगा. गावी जायला लागलं म्हणून मी कुणाची मुदत नाकारल्याचं मला आठवत नाही.

पायरी ३: कुणाची किती मदत चालते

या पायरीवर थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात आणि अडकतात तेव्हा हादरून जातात.

बीईला आपण जर्नल एकमेकांचं बघून लिहिलेलं असतं. कुणी काही बोललेलं नसतं. 'फाइल दे ना' हे मैत्रीतलं साधं वाक्य असतं. पदव्युत्तरला त्याच वाक्यावर चौकशी बसू शकते, आणि फाइल देणाऱ्यावरही बसते. हा बदल कुणी समजावून सांगत नाही, म्हणून मुलांना तो विश्वासघातासारखा वाटतो.

साधारण रेषा अशी असते. प्रश्नाचा अर्थ काय, कुठला अल्गोरिदम लागेल, एरर मेसेज काय म्हणतोय, यावर बोलायला हरकत नसते. दुसऱ्याचा कोड बघणं, आपला दाखवणं, सीनियरची मागच्या वर्षीची फाइल उघडणं, पैसे देऊन करून घेणं, हे चालत नाही. मधली जागा धूसर असते. मित्राने तुमच्या स्क्रीनवर बोट ठेवून 'इथे लूप एकदा कमी फिरतोय' म्हटलं तर? बहुतेक ठिकाणी चालतं, पण ते लिहावं लागतं.

मी वर्गाला एक पद्धत सांगते. चर्चा फळ्यावर करा, कागदावर नको. उठताना फळा पुसा, फोटो काढू नका. मग अर्धा तास दुसरं काहीतरी करा, ठाण्यात राहत असाल तर तलावपाळीला एक फेरी मारून या. त्यानंतर एकट्याने बसून लिहा. अर्ध्या तासानंतर जे डोक्यात उरतं ते तुमचं. जे उरलं नाही ते तुम्हाला समजलंच नव्हतं, आणि हे एंडसेमच्या आधी कळलेलं बरं.

फाइलच्या अगदी वर चार ओळींची कॉमेंट टाका: नाव आणि रोल नंबर, कुणाशी चर्चा केली, कुठल्या वेबसाइटवरून किंवा पुस्तकातून काय घेतलं, कुठलं एआय टूल कशासाठी वापरलं. काही नसेल तर 'कुणाचीही मदत घेतलेली नाही' असं लिहा. ज्या मदतीची नोंद आहे, तिच्यासाठी मी फार तर दोन मार्क कापले आहेत. जिची नोंद नव्हती, त्या कामाला शून्य द्यावं लागलं आहे.

कोड कसा पकडला जातो, हेही सांगते. १९९४ मध्ये ॲलेक्स एकेन यांनी 'मॉस' हा प्रोग्रॅम बनवला, तो किंवा जर्मनीतल्या कार्लस्रूहचा 'जेप्लॅग' अनेक ठिकाणी वापरतात. मॉस आधी तुमच्या कोडमधल्या मोकळ्या जागा काढून टाकतो आणि चलांची नावं एकसारखी करतो. उरलेल्या मजकुराचे ठरावीक लांबीचे, एकमेकांवर चढणारे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेला एक आकडा, काढतो आणि त्यांतले निवडक हॅश ठशांसारखे जपून ठेवतो. मग वर्गातल्या प्रत्येक फाइलचे ठसे इतर सगळ्यांशी ताडून बघतो. त्यामुळे 'काउंट'चं 'टोटल' केलं, फंक्शनांचा क्रम बदलला, कॉमेंट उडवल्या, तरी जुळणी दिसते. आम्ही स्वतः दिलेला सुरुवातीचा कोड तो वगळतो. शेवटी टक्के मिळतात आणि दोन फाइली शेजारी-शेजारी दिसतात. पण टक्के म्हणजे निकाल नाही. लिंक्ड लिस्ट उलटी करायचा कोड दहा जणांनी एकट्याने लिहिला तरी सारखाच येणार. आम्ही डोळ्यांनी बघतो, शंका आली तर व्हायवाला बोलावतो.

एकदा बी-ट्रीच्या (डेटा क्रमाने साठवायची झाडासारखी रचना) असाइनमेंटमध्ये दोन फाइली वर आल्या. नावं वेगळी, फंक्शनांचा क्रम वेगळा. पण एकीत ९७ व्या ओळीला आणि दुसरीत ११२ व्या ओळीला तीच कॉमेंट होती, रोमन लिपीतल्या मराठीत: 'इथे मायनस वन का येतं कळत नाही, पण चालतं.' मला वाचून वाईट वाटलं, कारण ज्याने ती लिहिली होती त्याने प्रामाणिक शंका लिहून ठेवली होती. तो ती मला विचारू शकला असता. पाच मिनिटांचा प्रश्न होता. झाडात साठवलेल्या 'कीज' शून्यापासून मोजायच्या की एकपासून, एवढाच घोळ.

तुमचा कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठेवा आणि रेपो (कोडचा साठा) प्रायव्हेट ठेवा. रोज, काम अर्धवट असलं तरी, कमिट करा, म्हणजे त्या दिवसापर्यंतच्या बदलांची नोंद करा. उद्या तुमच्यावर खोटी शंका आली तर तीन आठवड्यांच्या चाळीस कमिट, त्यात चुका आणि त्या सुधारलेल्या, यापेक्षा चांगला पुरावा नाही. डेडलाइनच्या आधी अकरा मिनिटांनी आलेली एकच कमिट काहीच सिद्ध करत नाही.

पायरी ४: एआय टूलचं काय

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्यानंतर बऱ्याच पॉलिसी नव्याने लिहाव्या लागल्या. आजही एकाच कॉलेजात एका विषयाला पूर्ण बंदी, दुसऱ्याला नोंद करून परवानगी आणि तिसऱ्याला मोकळीक असं असू शकतं. एका मॅडमचा नियम दुसऱ्या सरांना लावू नका. कागदावर काही नसेल तर बंदी आहे असं धरा आणि विचारा.

एआयने लिहिलेलं ओळखणाऱ्या टूलवर मी भिस्त ठेवत नाही. ओपनएआयने स्वतःचं असं टूल अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. मी समोर बसवून विचारते. एका मुलाने बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधणं) मधली जागा काढताना लो आणि हाय, म्हणजे यादीच्या दोन टोकांचे क्रमांक, यांची बेरीज भागिले दोन केली नव्हती. त्याने लिहिलं होतं, लो अधिक, हायमधून लो वजा करून त्याचं अर्ध. मी विचारलं, असं का? तो गप्प. ही युक्ती जावा किंवा सीसाठी आहे. तिथे ३२ बिटांच्या इंटिजरची कमाल २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७, आणि दोन मोठ्या संख्यांची बेरीज त्यापलीकडे गेली की उत्तर ऋण होतं. त्याचा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये होता. तिथे इंटिजर हवा तेवढा वाढतो, ही काळजी घ्यायची गरजच नाही. लिहिलेलं चूक नव्हतं, पण कुठून आलं ते त्याला माहीत नव्हतं. तुमच्या फाइलमधल्या प्रत्येक ओळीला 'ही इथे का' असं विचारा. उत्तर येईना, तर ती ओळ अजून तुमची झालेली नाही.

पायरी ५: लॅब, टीम आणि वागणूक

प्रोजेक्टच्या टीममध्ये कोण काय करणार, हे पहिल्याच आठवड्यात मेलवर लिहून सगळ्यांना पाठवा. एखादा काम करत नसेल तर सेमिस्टरच्या मध्यावर सांगा. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री सांगितलंत तर आमच्या हातात काही उरत नाही. रिझल्टचे आकडे मनाने भरणं ही कॉपीइतकीच गंभीर गोष्ट आहे. अचूकता ७१ टक्के आली तर ७१ लिहा आणि कमी का आली त्यावर एक परिच्छेद लिहा, त्यालाही मार्क असतात.

सिक्युरिटीचा विषय घेतलेल्यांसाठी खास. शिकलेलं स्कॅनिंग कॉलेजच्या वायफायवर किंवा कंपनीच्या नेटवर्कवर करून बघू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लॅबमध्ये त्यासाठी वेगळी व्हर्च्युअल मशिन असतात, ती मागा.

रॅगिंग पदव्युत्तरलाही होतं, विशेषतः हॉस्टेलवर. यूजीसीचे २००९ चे नियम तुम्हालाही लागू आहेत, हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर बघून ठेवा.

पायरी ६: मार्क कमी वाटले तर

तपासलेला पेपर हातात आला की आधी एक दिवस जाऊ द्या. मग फेरतपासणीची मुदत बघा, साधारण आठवडाभराची असते. अर्ज लेखी करा आणि त्यात प्रश्न क्रमांक लिहा: 'प्रश्न ३ ब मध्ये वर्स्ट केस काढली आहे, पान ७ वर, ती तपासायची राहिली असं वाटतं.' 'मला कमी मार्क पडले' एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. पुन्हा तपासताना मार्क कमीही होऊ शकतात, हे कागदावर लिहिलेलं असतं. विद्यापीठाच्या परीक्षेसाठी फोटोकॉपी आणि रिव्हॅलची सोय वेगळी असते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा परीक्षार्थीला माहिती अधिकारात हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात निकाल दिला.

डिझर्टेशन अजून लांब आहे, तरी एक गोष्ट आत्ताच माहीत असू द्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, संदर्भसूची आणि प्रमाणित समीकरणं यांत धरत नाहीत. आजपासून प्रत्येक पेपर वाचताना टिपण स्वतःच्या शब्दांत काढा, कारण दीड वर्षाने कुठलं वाक्य तुमचं आणि कुठलं उतरवलेलं हे तुम्हालाच आठवणार नाही.

आणि चूक झालीच तर

मेल येतो: 'असाइनमेंट २ संदर्भात येऊन भेटा.' घाम फुटतो, मला माहीत आहे. त्या क्षणी काही डिलीट करू नका, मित्राला फोन करून दोघांची गोष्ट जुळवत बसू नका. जे झालं ते जसं झालं तसं सांगा. चूक केलेली नसेल तर गिटची हिस्टरी, कच्चे कागद, लॅपटॉप घेऊन या आणि शांतपणे दाखवा. बोलावलं म्हणजे दोषी ठरवलं असं होत नाही.

त्या बी-ट्रीवाल्या दोघांपैकी एक जण मेल मिळाला त्याच संध्याकाळी आला. दारात उभा राहून म्हणाला, 'मॅडम, कॉमेंट माझीच आहे, फाइल मी दिली होती.' त्याला त्या असाइनमेंटला शून्य मिळालं आणि विभागात नोंद झाली. बाकीचं सेमिस्टर त्याने नीट पूर्ण केलं. दुसरा दोन आठवडे नाही म्हणत राहिला, प्रकरण समितीपुढे गेलं आणि त्याचा विषय गेला. मला दोघांचंही वाईट वाटलं होतं.

समितीपुढे जावं लागलं तर आरोप काय आहे ते लेखी मागा, उत्तर लेखी द्या, त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. घरी सांगा, निदान एका माणसाला तरी. पेइंग गेस्टच्या खोलीत एकट्याने हे ओझं वाहू नका. कॉलेजच्या समुपदेशकांची वेळ घ्या. आणि दुसऱ्या दिवशीच्या लेक्चरला या, नेहमीच्या जागेवर बसा. आम्ही हजेरी नेहमीसारखीच घेणार आहोत.